लग्न कायद्यात नाही, मग हॉल कशाला बुक करायचा?

(पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

सांगलीकडच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ६१, प्राथमिक शाळेतून रिटायर्ड. मुलगी ३५ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे, ८ वर्षं एका मैत्रिणीसोबत राहते, ती मैत्रीण ३७ ची, शाळेत शिकवते. दोघींचं नातं नेमकं काय आहे हे घरी ४ वर्षांपूर्वी कळलं. आधी रडारड, मग बरेच महिने अबोला, मग हळूहळू दोघी दिवाळीला एकत्र यायला लागल्या आणि आता सगळं बरं चाललंय. मैत्रिणीच्या घरच्यांनी मात्र तिच्याशी संबंध तोडलेत. पुण्यातला फ्लॅट मुलीच्या एकटीच्या नावावर आहे, डाऊन पेमेंटला आईवडिलांनी १४ लाख दिले, हप्ते दोघी मिळून भरतात. आता मुलगी म्हणते डिसेंबरात सांगलीतच हॉल घेऊन शंभरेक माणसांसमोर लग्न करायचं. ताईंचे मिस्टर म्हणतात, कायदा मानत नाही तर हे नाटक कशाला, राहताय ना एकत्र, राहा की तशाच. धाकट्या मुलासाठी स्थळं बघणं चालू आहे, ती बिचकतील ही वेगळी काळजी. पत्रात मध्येच असंही आलंय की गेल्या वर्षी मुलीला स्कूटरवरून पडून अपघात झाला, ऑपरेशनच्या फॉर्मवर मैत्रिणीची सही चालेना म्हणून मिस्टर रात्रीत सांगलीहून गाडी काढून गेले, "पण देवाच्या कृपेने सगळं नीट झालं". प्रश्न असा की कायद्याने काहीच मिळणार नसेल तर मुलीला हे खूळ सोडायला कसं समजावू? आणि पोलीसबिलीस येतील का?

ताई, नमस्कार,

पोलिसांचं आधी संपवून टाकू, कारण ती भीती डोक्यात असेल तर पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. नाही येणार. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवीन न्याय संहिता आली त्यात तर ते कलमच नाही. हॉलमध्ये शंभर माणसं बोलावून, हार घालून, जेवण देऊन दोघींनी आम्ही एकमेकींच्या आहोत असं सांगणं हा कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. फक्त त्याने कायद्याच्या नजरेत लग्न होत नाही, एवढंच. नागपूरला २०२१ च्या शेवटी दोन डॉक्टर मुलींनी असा कार्यक्रम केला होता, यवतमाळला डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्याच एका मुलाने परदेशातल्या जोडीदारासोबत केला होता, पेपरात फोटो आले, लोक चार दिवस बोलले आणि आपापल्या कामाला लागले.

आता मूळ प्रश्न. "कायद्याने काहीच मिळणार नाही" हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. ते अर्धं बरोबर आहे, आणि जे अर्धं चूक आहे तिथेच तुमच्या सगळ्या पत्राची गाठ आहे असं मला वाटतं, कारण नवरा-बायकोला लग्नाने जे हक्क मिळतात ते या दोघींना मिळाले नाहीत म्हणून ते हवेत विरून जात नाहीत, ते कुणाकडे तरी राहतात, आणि ताई, तुमच्या घरात ते तुमच्याकडे आहेत. तुम्हा दोघांकडे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूलबाळ नसलेली अविवाहित मुलगी मृत्युपत्र न करता गेली तर तिचं सगळं आईवडिलांना समान वाटून जातं, ते नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे तुमच्या केसमध्ये धाकट्या मुलाला. ८ वर्षं घर चालवणाऱ्या, निम्मा हप्ता भरणाऱ्या मुलीचं नाव त्या यादीत कुठेच नाही, अगदी शेवटच्या ओळीतसुद्धा नाही.

अपघाताची ती रात्र तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. फॉर्मवर "रुग्णाशी नातं" असा एक रकाना असतो, त्यात तिने "मैत्रीण" लिहिलं असणार, आणि काउंटरवरच्या माणसाने रक्ताच्या नात्यातलं कोण आहे विचारलं असणार. मग फोन, मग तुमचे मिस्टर रात्री गाडी काढून साडेचार-पाच तासांचा रस्ता कापत निघाले, तोपर्यंत हाड मोडलेली मुलगी स्ट्रेचरवर आणि तिची सगळी औषधं, ॲलर्जी, ब्लड ग्रुप, विम्याचा नंबर तोंडपाठ असलेली बाई बाहेरच्या बाकावर. नीट झालं हे खरंच नशीब. पण ते तुमचा फोन लागला म्हणून नीट झालं, आणि तुम्ही चांगली माणसं आहात म्हणून. मिस्टर म्हणतात ना "राहा की तशाच", तर "तशाच" राहणं म्हणजे ही रात्र पुन्हा येऊ शकते, फक्त तेव्हा गाडी चालवायला ते ६६ चे नसतील, ८० चे असतील.

(इथे बाकीच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. पेशंट सज्ञान आणि शुद्धीत असेल तर ऑपरेशनला त्याची स्वतःची संमती लागते, नातेवाईकाची नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली केसमध्ये हेच सांगितलं. तिथे तर बाई भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन केलं होतं, जीवावर बेतलेलं असं काही नव्हतं, आणि कोर्ट म्हणालं आईची सही चालत नाही. म्हणजे तुमची मुलगी बोलत होती, शुद्धीत होती तर तिची एक सही पुरे होती, तुमच्या मिस्टरांची पळापळ कायद्याने गरजेची नव्हतीच. हॉस्पिटलं नातेवाईकाची सही मागतात ती बरीचशी स्वतःच्या संरक्षणासाठी. हे शांतपणे, पण ठामपणे काउंटरवर सांगता येतं.)

कोर्टात काय झालं तेही सांगते, कारण "कोर्टाने बंदी घातली" असं बरेच जण समजतात आणि तुमचे मिस्टरही त्यातलेच असावेत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशा लग्नांबद्दल निकाल दिला. सरन्यायाधीश तेव्हा आपले धनंजय चंद्रचूड होते. पाचही जणांचं एका गोष्टीवर एकमत झालं की घटनेने लग्नाचा मूलभूत हक्क दिलेला नाही आणि स्पेशल मॅरेज ॲक्ट (धर्म न बघता नोंदणीने लग्न लावणारा कायदा) बदलून लिहिणं हे कोर्टाचं नाही, संसदेचं काम आहे. मग निदान लग्नाच्या खालोखाल काहीतरी मान्यता द्यावी का, अशा जोडप्यांना मिळून मूल दत्तक घेता यावं का, यावर तीन विरुद्ध दोन असं झालं आणि तिघांचं म्हणणं राहिलं, म्हणजे नाही. चंद्रचूड दोघांतले होते. पण एकत्र राहू नका असं पाचांपैकी कुणीच म्हटलेलं नाही, जोडीदार निवडायचा आणि त्याच्यासोबत राहायचा हक्क सगळ्यांनीच मान्य केलाय. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. सरकारने कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यातून थोडं थोडं बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्याने स्पष्ट केलं की अशा जोडप्याला बँकेत जॉइंट खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी दोघांना एकाच घरातलं धरायच्या सूचना गेल्या, आणि जोडीदार वारला आणि जवळचे नातेवाईक नसले तर मृतदेह ताब्यात घेता यावा असंही आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं. वाचून कसंसंच होतं, की हेसुद्धा लेखी कळवावं लागतं. पण कळवलंय हे काउंटरवर दाखवायला उपयोगी पडतं, प्रिंट काढून ठेवा.

मग कायदा येईपर्यंत थांबा असं मुलीला सांगावं का? मी नाही सांगणार. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत स्पेशल मॅरेज ॲक्ट बदलायचं खाजगी विधेयक मांडलं होतं, पण खासदाराचं खाजगी विधेयक दोन्ही सभागृहांत पास होऊन कायदा झाला असं शेवटचं घडलं ते १९७० मध्ये, यावरून काय ते समजा. तैवानमध्ये २०१८ ला लोकांनी सार्वमतात नको म्हणून मत दिलं आणि तरी २०१९ च्या मे महिन्यात कायदा आला, कारण कोर्टाने दोन वर्षांची मुदत घालून दिली होती. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून लग्नं लागतायत. गोव्याची तर गंमतच आहे, तिथला लग्नाचा कायदा अजून पोर्तुगीजांच्या काळातलाच चालतो आणि खुद्द पोर्तुगाल २०१० मध्येच बदलून मोकळं झालं, गोवा आहे तिथेच. आपल्याकडे कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही आणि तुमची मुलगी ३५ ची आहे.

आता सोहळ्याकडे येते. मिस्टरांना एक विचारा, तुमच्या लग्नाचं सर्टिफिकेट आहे का? असेल तर कधी काढलं? तुमच्या-आमच्या पिढीत बऱ्याच जणांनी ते पासपोर्टसाठी नाहीतर मुलाकडे परदेशी जायच्या व्हिसासाठी काढलंय, लग्नानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. तोपर्यंत तुम्ही काय लग्न न झालेले होतात? हिंदू विवाह कायदासुद्धा लग्न लागतं ते रीतीरिवाजाने असंच म्हणतो, सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण, नोंदणी राहिली म्हणून लग्न रद्द होत नाही. म्हणजे कागद नसताना मांडव चालतो हे तुमच्याच घरात सिद्ध झालंय. मांडवाचं काम असतं चार लोकांना साक्षी ठेवणं, की उद्या मामा विचारेल "अगं ती कुठाय, आली नाही का?", शेजारची काकू हळदीकुंकवाला दोघींना बोलवेल, आणि कुणी आजारी पडलं तर फोन कुणाला करायचा हे सगळ्यांना आपोआप ठाऊक असेल. हे काम कायद्याने होत नाही. १८५६ ला विधवाविवाहाचा कायदा आला, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडकरांनी वाळीत टाकलं, कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती. आणि उलटही झालंय, सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली तेव्हा हे लग्नच नव्हे म्हणून लोक भांडले, प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. माणसं आणि कायदा कधीच बरोबरीने चालत नाहीत, कधी हा पुढे कधी ती. तुमची मुलगी माणसांपासून सुरुवात करतेय आणि मला त्यात खूळ काही दिसत नाही. पुण्यात रजिस्टर न होणारं लग्न ती पुण्यातच मित्रमैत्रिणींत उरकू शकली असती, ती सांगलीत करायचं म्हणते, म्हणजे तिला तुमची माणसं हवी आहेत. यात नाटक असतंच तर ते पुण्यात सोपं होतं.

आता भीती. शंभर माणसांत दहा जण येणार नाहीत, पाच जण येऊन जेवून बाहेर नावं ठेवतील. हे होणार, त्याला इलाज नाही. (नावं ठेवायला लग्न कुणाचं आहे ते लागतच नाही, तुमच्या लग्नात बासुंदी पातळ होती हे आजही कुणीतरी काढत असेल.) धाकट्याच्या स्थळांचं मात्र खरं आहे, काही स्थळं परत जातील, मी खोटा धीर देणार नाही. पण दुसरी वाट काय आहे? लपवून धाकट्याचं लग्न करायचं आणि सून घरात आल्यावर पहिल्या दिवाळीला तिला कळायचं? ते महागात पडेल, आणि तेव्हा सगळा राग तुमच्या मुलीवर निघेल. बघण्याच्या कार्यक्रमाआधीच मध्यस्थाला सरळ सांगून टाकायचं, मोठी पुण्यात असते, तिची जोडीदार मुलगी आहे, घरात सगळ्यांना मान्य आहे. आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्या मुलाचं म्हणणं एका शब्दाने नाही. स्थळं त्याची आहेत ना? त्याला विचारलंत का? तिशीतली मुलं आपल्यापेक्षा बरीच पुढे असतात कधीकधी, आणि नसला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, त्याचं कारण खाली येतंच.

तारीख डिसेंबरचीच हवी का, सांगलीत शंभर माणसं की पुण्यात चाळीस, यावर खुशाल बोला. मिस्टरांना अजून वेळ हवा असेल तर तसं मुलीला सांगा, "बाबांना दोन-चार महिने दे" हे ती ऐकेल. "करूच नको" आणि "थोडं थांबून करू" यात फार फरक आहे. पण कायद्याचं कारण पुढे करून नाही म्हणू नका, कारण ते खरं कारण नाहीये आणि तिला ते कळतं.

आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते. सोहळा असो नसो, कागद करावेच लागतील, आणि हे जे कुणी असं एकत्र राहतंय त्या सगळ्यांना लागू आहे, दोन मुलगे असोत, दोन मुली असोत.

पहिलं मृत्युपत्र, दोघींचं वेगवेगळं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही करायची. रजिस्टर करायची सक्ती नाही पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन कराच, फी किरकोळ असते आणि नंतर कुणाला सही खोटी म्हणणं अवघड जातं. तुमच्या मुलीपेक्षा तिच्या जोडीदाराला याची जास्त घाई आहे हे लक्षात घ्या, कारण ज्यांनी तिला घराबाहेर काढलं तेच आजच्या घडीला तिचे कायदेशीर वारस आहेत. उद्या तिला काही झालं तर तिची एफडी, तिचे दागिने, सगळं मागायला ते येऊ शकतात आणि कायदा त्यांना हो म्हणेल. तुमच्या मुलीच्या मृत्युपत्रात एक वाक्य असू द्या की आईवडिलांना आणि भावाला हे माहीत आहे आणि मान्य आहे. आणि साक्षीदार म्हणून सही भावाची घ्या. जो पुढे आक्षेप घेऊ शकतो त्यालाच साक्षीला घेतलं, आणि त्याला मृत्युपत्रात काही दिलेलं नसलं, तर नंतर त्याला उलटणं फार अवघड जातं. तुमच्या दोघांपेक्षा तो वयाने लहान, त्यामुळे साक्ष द्यायला उरेलही. वकिलाला मसुदा एकदा दाखवून घ्या.

फ्लॅट. सोसायटीत नॉमिनी लावला की झालं असं बरेच जण समजतात, तसं नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा, आणि शेअर्सच्या बाबतीतही हेच असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. नॉमिनी लावा, पण मृत्युपत्राशिवाय त्यावर विसंबू नका. मग मुलीने निम्मा फ्लॅट आत्ताच जोडीदाराच्या नावे केला तर? इथे लग्न म्हणजे काय ते आकड्यात दिसतं बघा. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये (वर स्थानिक अधिभार आणि किरकोळ खर्च). तुमच्या मुलीने तेच केलं तर बाजारभावाच्या टक्केवारीने, म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटला लाखांत. वर इन्कम टॅक्स आहेच, नवरा-बायकोने एकमेकांना कितीही दिलं तरी गिफ्टवर टॅक्स नाही, पण नात्यात न बसणाऱ्या माणसाकडून वर्षाला ५० हजारांच्या वर आलं की ते घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. याच्याच विरोधात एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात गेलंय. म्हणून सध्या मृत्युपत्र हाच स्वस्त मार्ग, आणि जोडीदार जो निम्मा हप्ता देते तो कॅशने नको, बँकेतून, दरमहा, कशासाठी ते लिहून. दोघींनी एक साधा करारही करावा की कुणी किती भरलं आणि वेगळं व्हायची वेळ आली तर कसं वाटून घ्यायचं. तुमचे १४ लाख उसने होते की मुलीला दिले होते हेही त्यातच लिहा. वेगळं व्हायचं बोलणं अशुभ वाटेल, पण लग्नाच्या हक्कात नीट वेगळं होण्याचा हक्कही येतो, पोटगी, घरात राहायचा हक्क, कोर्टात जायची सोय, आणि या दोघींना यातलं काहीच नाही.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं वेगळंच आहे, तिथे कुटुंबाची व्याख्या ठरलेली असते आणि आईवडील अवलंबून असतील तर बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन टिकत नाही. तुम्ही तिच्यावर अवलंबून धरले गेलात तर ते पैसे तुमच्याकडेच येतील. तेव्हा तुम्ही काय करणार हे आत्ता मुलीशी बोलून ठेवा, तिथे कागद उपयोगाचा नाही, तुमचा शब्दच आहे.

हॉस्पिटलसाठी दोघींनी एकमेकींना अधिकारपत्र लिहून ठेवावं, आणि बरं व्हायची आशा नसलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या अवस्थेत काय करायचं याचं लिव्हिंग विल, जे २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं, त्यात आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव घालता येतं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात तर साध्या कागदावर लिहून कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, रक्ताचं नातं लागत नाही, ही एक चांगली तरतूद आहे आणि कुणी वापरत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर मात्र अवलंबून राहू नका, माणसाचं भान गेलं की ते कायद्याने टिकत नाही आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं. आणि ताई, तुम्ही दोघांनी एक पत्र लिहून सही करून मुलीकडे द्या, की आम्ही पोचू शकलो नाही तर हिचा शब्द तो आमचा शब्द. कायद्याच्या तराजूत त्याचं वजन फार नाही, पण रात्री दोन वाजता काउंटरवर आईवडिलांच्या सहीचा कागद आणि सोबत तुमचा फोन नंबर असला की निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

मूल हवं असेल तर तेही स्पष्ट सांगते, मिळून दत्तक घेता येत नाही, एकट्या बाईला घेता येतं, पण जोडीदारासोबत राहत असेल तर तेही अडू शकतं, आणि मिळालं तरी कागदावर आई ती एकटीच, दुसरी कुणी नाही. फॅमिली पेन्शन, नोकरीतले जोडीदाराचे फायदे, हे कुठल्याच कागदाने मिळत नाहीत. हे सगळे कागद मिळूनसुद्धा लग्नाच्या एका नोंदणीची बरोबरी होत नाही, आणि ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांना तर हेही नाही, म्हणून लोक कोर्टात भांडतायत.

एक शेवटचं, हे तुमच्यापेक्षा इतर आईवडिलांसाठी जास्त आहे. मुलीला परत आणायला पोलिसात हरवल्याची तक्रार करायची, नाहीतर कुठल्या डॉक्टरकडे "बरं" करायला न्यायचं, असे सल्ले देणारे नातेवाईक असतात. ते आजारपण नाही, आणि तसला उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय. मे २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टासमोर असंच प्रकरण आलं, घरच्यांनी डांबलेली २५ वर्षांची मुलगी होती, कोर्टाने तिला जोडीदारासोबत जायची मोकळीक दिली आणि म्हटलं की कुटुंब उभं करायचा लग्न हा एकच मार्ग नाही. त्या निकालात न्यायमूर्तींनी लीला सेठ यांची आठवण काढली, देशातल्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश, ज्यांनी आपल्या मुलाला तो आहे तसा जाहीरपणे आपलं म्हटलं, आणि सगळ्याच आया तशा नसतात असं खेदाने लिहिलं. तुम्ही ४ वर्षांत रडारडीपासून दिवाळीच्या फराळापर्यंत आलात, तुम्हाला मी काय सांगू. मिस्टरांना एकटं वाटत असेल तर मुंबईत "स्वीकार" नावाचा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे, २०२३ मध्ये त्यांच्यातल्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, त्यात त्यांच्या वयाचे बाबा लोक भेटतील. मुलीच्या तोंडून जे पटत नाही ते कधीकधी दुसऱ्या बापाच्या तोंडून पटतं.

तर मुलीला कसं समजावू याचं उत्तर माझ्याकडे नाही, समजवायचंय ते मिस्टरांना, आणि तेही कायद्यावरून नको, अपघाताच्या रात्रीवरून सुरुवात करा, ते स्वतः गाडी चालवत होते.

हॉल बघायला जाल तेव्हा मॅनेजरला आधीच सांगून टाका की दोन्ही नवऱ्या मुली आहेत, नंतर फलक लिहिताना गोंधळ नको. पत्रिकेत निमंत्रक म्हणून तुमची दोघांची नावं घालायला हरकत नाही, तिच्या बाजूची नावं नसतील तर तिथे तिच्या शाळेतल्या कुणी मोठ्या बाई किंवा मैत्रीण चालेल, तिलाच विचारा. आणि मृत्युपत्रं कार्यक्रमाच्या आधी उरका, नंतर राहून जातात. दुय्यम निबंधकाकडे आधार, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार लागतील, ऑफिस शनिवारी-रविवारी सहसा बंद, तेव्हा धाकट्याला रजा कधी मिळते ते विचारून दिवस ठरवा.